बिनवासाची गाडी

गाडीवर फेस चढवून झाला, की ती आत जाऊन बसत असे. हा तिचा फार जुना नेम होता. आधी चाके धुवायची, मग टपापासून खाली येत सगळी गाडी भिजवायची, मग दाट फेस पसरायचा, आणि तो फेस मळाला कवेत घेऊन सावकाश खाली उतरेपर्यंतचा वेळ आत, दारे लावून, गप्प बसून काढायचा. घासण्याची घाई करायची नाही. मळ आपण होऊन सुटू द्यायचा. घाई केली तर तोच मळ फडक्याखाली फरपटत जातो आणि रंगावर ओरखडे उठवतो, असे ती सांगे.

आज कित्येक महिन्यांनी ती पुन्हा तशी बसली होती, आणि शेजारच्या सीटवर तिचा नवरा. काचांवरच्या फेसामुळे आतला उजेड दुधी झाला होता. अंगण, कुंपणाची भिंत, गाडीवर झुकलेले झाड, सारे नाहीसे झाले होते. मधूनच एखादा बुडबुडा फुटे, टाचणीच्या डोक्याएवढी जागा मोकळी होई आणि उन्हाचा बारीक धागा तिच्या मनगटावर येऊन थांबे. मग वरून फेस ओघळे आणि धागा विझे. बाहेरचे आवाज कापसातून गाळून आल्यासारखे येत होते. अशा वेळी त्याला नेहमी वाटे, की ही गाडी नाहीच. घराची एक जास्तीची खोली आहे आणि ती फक्त रविवारी सकाळी उघडते.

"आत कसला वास येतोय?" तिने विचारले.

"कसलाच नाही."

"कसलाच म्हणजे अगदी कसलाच नाही?"

"तुझी गाडी आहे. तिला कसला वास येणार?" तो म्हणाला आणि तोंडाने श्वास घेत राहिला. कारण गाडीत वास होता. चांगला जाडजूड, कोंदलेला वास होता, आणि त्याच्यावर आणखी एक वास होता, जो त्याने स्वतः आणून ठेवला होता.

तिने समाधानाने मान मागे टेकली. "उद्या अशीच हवी मला," ती म्हणाली.

ती साबणाच्या कारखान्यात वास तपासण्याचे काम करी. नव्या मिश्रणांचे थेंब कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर घेऊन तिच्यापुढे येत, आणि कशात काय जास्त झाले, काय उणे राहिले, कोणते तेल शिळे होऊ लागले आहे, हे ती डोळे मिटून सांगे. कारखान्यात तिला 'नाकबाई' म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला ते आवडे. घरापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता हा तिच्या कामाचाच भाग होता. फोडणी, धूर, माणसांची गर्दी हे सगळे वाटेत पुसले जाऊन प्रयोगशाळेच्या दाराशी नाक कोरे व्हावे, म्हणून तिने गाडीला वास लागू दिला नव्हता. गाडीत खायचे नाही, फुले आणायची नाहीत, अत्तर लावून बसायचे नाही. दर रविवारी पाण्यात किंचित व्हिनेगर घालून आतले सगळे पुसायचे आणि दारे उघडी टाकून वाळवायचे. लेक लहान असताना एकदा मागच्या सीटवर संत्रे सोलून बसली होती. त्यानंतर नाकबाई आठवडाभर बसने कामाला गेली. "हिच्या गाडीत बसायचं असेल तर आधी आंघोळ करून या," असे नणंद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, आणि नाकबाई त्यावरही हसे.

मग तिला ताप आला. ताप गेला, अंगात ताकद आली, केस पुन्हा दाट झाले. वास तेवढा परतला नाही. "सगळं चित्रासारखं झालंय," ती म्हणे. "चित्रातला पाव, चित्रातला पाऊस, चित्रातला नवरा." डॉक्टरांनी औषध दिले नाही, सराव दिला. चार लहान बरण्या: लवंग, लिंबाची साल, निलगिरीचे तेल, गुलाबाचे अत्तर. रोज सकाळी तिने डोळे मिटायचे, त्याने एकेक बरणी नाकाखाली धरायची, आणि तिने ओळखायचे. नाक विसरलेले नाही, वाट चुकले आहे, असे डॉक्टर म्हणाले होते.

खरे म्हणजे या कामाला त्याच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. त्याचे चष्म्यांचे दुकान होते. दिवसभर तो लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगे सरकवत विचारी, "हे स्पष्ट, की हे?" आणि लोक त्याला काय ऐकायला आवडेल, याचा अंदाज बांधून उत्तरे देत. गाडीच्या परवान्यासाठी आलेले म्हातारे बाकावर बसल्या बसल्या भिंतीवरची अक्षरे पाठ करत आणि खुर्चीत बसल्यावर घडाघडा म्हणत. म्हणून त्याने अक्षरांच्या पाट्या अदलून-बदलून लावायची सवय ठेवली होती. दिसत नसताना कोणाला 'दिसतं' म्हणून पुढे जाऊ द्यायचे नाही, एवढी एकच गोष्ट तो आपल्या धंद्यात पवित्र मानी.

आणि घरात त्याने नेमके उलटे केले. पहिले काही आठवडे तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणत गेला. प्रत्येक "नाही" सरशी तिचा चेहरा थोडा थोडा मालवत गेला. ती जेवेनाशी झाली. लेक फोनवर रडली. त्यानंतरच्या एका सकाळी लवंगेची बरणी नाकाखाली असताना ती "लिंबू" म्हणाली, आणि डोळे न उघडता अशी काही थांबली, की त्याच्या तोंडून "बरोबर" निघून गेले. त्या दिवशी ती दोन पोळ्या जास्त जेवली. पुढे तो बरण्या धरत राहिला, ती नावे घेत राहिली, आणि जे नाव ती घेई ते बरोबर ठरत गेले. स्वप्नात जसे आपण ज्या दाराला हात लावू ते उघडते, तसे.

ती पुन्हा गुणगुणू लागली. तिने कारखान्यात फोन केला. तिथल्या मोठ्या बाईंनी, ज्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या, तिला मध्यंतरी नव्या मुलांना शिकवण्याची जागा देऊ केली होती. ती तिने नाकारली. "निम्मं परत आलंय, बाकीचंही येईल," असे तिने कळवले. उद्या सोमवारी सगळ्यांच्या देखत तिच्यापुढे पट्ट्या ठेवल्या जाणार होत्या. तो गेला आठवडाभर रोज रात्री ठरवत होता, की सकाळी सांगायचे. आणि सकाळी ती बरण्या घेऊन प्रसन्नपणे समोर येऊन बसत होती.

काचेवरचा फेस विरळ झाला. आधी झाड दिसू लागले, मग भिंत, मग भिंतीवरून डोकावणारे शेजारचे भाऊ.

"उठा," ती म्हणाली. "सुकायला लागेल."

ऊन अजून कोवळे होते. तिने एक बादली साबणाच्या पाण्याची आणि एक स्वच्छ पाण्याची अशा दोन मांडल्या होत्या. साबणात बुडवलेला मऊ हातमोजा गाडीवरून सरळ रेषेत फिरवायचा, दुसऱ्या बादलीत खळबळून मळ सोडायचा, मगच पुन्हा साबणात बुडवायचा. गोल गोल घासलेले तिला चालत नसे. तिचा हात गाडीवरून असा जाई, जणू झोपलेल्या जनावराची पाठ.

"काय वहिनी, लग्नाला निघालीय का गाडी?" भाऊंनी विचारले. भाऊ निवृत्त बसचालक होते. सारी उमर इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलण्यात गेल्यामुळे त्यांचे कुजबुजणेही गल्लीच्या टोकापर्यंत जाई.

"उद्या कामावर निघालीय."

"अरे वा. म्हणजे नाक परत आलं म्हणायचं."

"येतंय. विचारा यांना."

"काय डॉक्टर, खरं का?"

"मी डॉक्टर नाही हो, भाऊ," तो म्हणाला. हे त्याचे नेहमीचे उत्तर होते आणि आज ते फार सोयीचे पडले.

"मी जन्मभर बस चालवली, पण स्वतः एकदाही धुतली नाही," भाऊ म्हणाले. "पावसावर सोडून द्यायचो. पाऊस नसेल त्या वर्षी प्रवाशांवर. त्यांच्या कपड्यांनी आतली बाजू आपोआप पुसली जायची."

"म्हणूनच आम्ही गाडी घेतली," ती म्हणाली. भाऊ मनापासून हसले आणि भिंतीमागे दिसेनासे झाले.

पाणी मारून झाल्यावर त्याने जाड फडके टपावर पसरून हलकेच ओढून घेतले. मग काचा. काचा नेहमी त्याच्याकडे असत. ते त्याचे माहेरच होते. आतल्या बाजूला साचलेला तेलकट पापुद्रा समोरून दिसत नाही, तिरक्या उजेडातच दिसतो. तो मान वाकडी करून, श्वास सोडून, फडके चौपदरी करून पुसत होता, आणि काचेपलीकडे ती जुन्या दात घासायच्या ब्रशाने दाराच्या फटी साफ करत होती. काच जसजशी स्वच्छ होत गेली तसतशी ती जवळ आल्यासारखी वाटली. आता सांगावे, त्याच्या मनात आले. मध्ये काच असतानाच सांगावे. त्याने ओठ उघडलेही. पण तिने वर पाहिले आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे एक डाग राहिला होता. त्याने तो पुसला.

आतली धूळ ओढून झाली. डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळ्यांमधून रंगाच्या ब्रशाने कण झाडून झाले. डॅशबोर्ड व्हिनेगरच्या पाण्याने पुसून झाला. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ड्रायव्हरची सीट काढू या."

"सीट? आज?" त्याचा हात थबकला. "कशाला?"

"महिनोन्महिने खालून साफ नाही झालंय. उद्या जाताना मला नाक कोरं हवं."

"अगं, उगाच बोल्ट ढिले होतील. ऊनही चढलंय."

"मग तुम्ही सावलीत बसा. पाना तेवढा द्या."

तो पाना आणण्याच्या निमित्ताने सीटजवळ वाकला आणि त्याने हात खाली घातला. पण ती बॉनेट उघडून, सीटखाली विजेच्या तारा असतात म्हणून बॅटरीची तार सोडवून, इतक्या झटकन परत आली, की त्याला हात रिकामाच बाहेर काढावा लागला. तिने बोल्ट सोडवले. दोघांनी मिळून सीट उचलली, तिरकी करून दारातून बाहेर काढली आणि झाडाखाली ठेवली. ती पुन्हा आत वाकली. वाकलेलीच राहिली.

बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर प्लॅस्टिकची एक चपटी डबी होती. झाकणाला भोके, आत निळसर जेली, अर्धी सुकून आक्रसलेली. तिने वरचे नाव वाचले.

"'सागरी पहाट'," ती म्हणाली.



तिने डबी नाकाशी नेली. डोळे मिटले. फार वेळ तशीच उभी राहिली, जशी प्रयोगशाळेत पट्टी घेऊन उभी राहत असेल. मग डबी खाली आणली.

"मला काही येत नाहीये," ती म्हणाली. "ही कोणी ठेवली?"

"मी."

"माझ्या गाडीत?"

"वास यायला लागला होता. कुबट. मागच्या पावसापासून."

"मघाशी तर कसलाच नव्हता."

गाडीच्या कडेने पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते, आणि प्रत्येक थेंब पडण्याआधी अंमळ विचार करत असल्यासारखा थांबत होता.

"किती वाईट आहे?" तिने विचारले.

"काय?"

"वास हो. किती वाईट?"

"बादलीत विसरून राहिलेल्या पोतेऱ्यासारखा."

"आणि ही डबी?"

"गोड. डोकं धरतं. समुद्रासारखी तर मुळीच नाही."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले आणि तिथेच विरले. तिने डबीकडे पाहिले, मग घराकडे, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, जिथे त्या चार बरण्या ओळीने ठेवलेल्या असत. तिला काय विचारायचे आहे, हे त्याला तिने विचारण्याआधीच कळले.

"बरण्या?"

"बहुतेक चुकीच्या."

"बहुतेक म्हणजे?"

"एखादी जमून जायची. डोळे मिटून कोणीही नाव घेतलं तरी जमेल, तेवढीच."

"आणि तुम्ही बरोबर, बरोबर म्हणत राहिलात."

"हो."

"कधीपासून?"

"तू जेवत नव्हतीस म्हणून लेक फोनवर रडली होती ना, त्या सुमारास."

ती खाली पाहत राहिली. "दुकानात कोणी असं केलं असतं तर?"

"हाकलून दिलं असतं."

"कोणाला? गिऱ्हाइकाला?"

"नाही. मला."

तिने आवाज चढवला नाही. डबी तिने बादलीच्या काठावर अगदी नीट ठेवली, ओले हात पदराला पुसले आणि चालत जाऊन झाडाखालच्या त्या सीटवर बसली. सीटचे तोंड भिंतीकडे होते. पाय किंचित पुढे, हात मांडीवर. अशी ती भिंतीकडे पाहत बसली, जणू समोर लांबवर रस्ता आहे. पानांच्या सावल्या तिच्या खांद्यांवरून मागे मागे सरकत होत्या, आणि क्षणभर त्याला खरोखर वाटले, की सीट चालली आहे आणि अंगण, गाडी, तो स्वतः, सगळे मागे पडत आहेत.

भाऊंचे डोके भिंतीवर उगवले. "कुठपर्यंत पोचलात, वहिनी?"

"अजून सिग्नललाच आहे, भाऊ."

भाऊंनी तिचा चेहरा पाहिला, त्याचा पाहिला, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हलक्या आवाजात "बरं, बरं" म्हणून ते आत गेले.

त्याला काय करावे सुचेना. माफी मागावी, तर शब्द त्या डबीसारखेच निघतील, वासावर वास चढवणारे, असे त्याला वाटले. तो गाडीकडे वळला. सीट नव्हती तिथे गुडघे टेकले, कार्पेटची कड उचकटली आणि ओढली. खालचा नमदा, दाबलेल्या लोकरीचा जाड थर, पाण्याने फुगला होता. बोट दाबले तर बोटाभोवती काळे पाणी जमले. वास असा अंगावर आला, की त्याने तोंड फिरवले. मग त्याने तोंड पुन्हा आत वळवले आणि नाकाने श्वास घेतला.

"खालचा नमदा कुजलाय," तो मोठ्याने म्हणाला. तिच्याकडे त्याची पाठ होती आणि तिची त्याच्याकडे. "काळा पडलाय. वास मातीसारखा आहे. नाही, मातीसारखा नाही. माती बरी. तळघरासारखा आहे."

तो थांबून पुन्हा हुंगू लागला.

"त्यात आणखी काहीतरी आहे. जुन्या पुस्तकासारखं."

"'सारखं' नको," सीटवरून आवाज आला.

"काय?"

"नवी मुलं असंच करतात. ह्याच्यासारखं, त्याच्यासारखं. ज्याच्यासारखं म्हणता ते समोरच्यानं हुंगलंच नसेल तर? आंबट आहे का?"

त्याने श्वास घेतला. "आहे. थोडा."

"आधी येतो, की मागून?"

"आधी कुबट. मग आंबट."

"घशात उतरतो का?"

"उतरतो. कडवट होऊन."

"मग बुरशी बरीच जुनी आहे. पाणी मात्र नवं आहे. जुनं पाणी गोडसर होतं." मग तिने विचारले, "पत्रा?"

त्याने नमदा बाजूला सारला. "गंजलाय. वरवर."

"वरवर, की माझ्यासाठी वरवर?"

तो बाजूला सरकला. "तूच बघ," तो म्हणाला.

ती उठून आली. त्याच्या शेजारी गुडघे टेकून तिने अंगठ्याच्या नखाने गंज खरवडला, पत्रा दाबून पाहिला, ठोकून ऐकला. "वरवरच आहे," ती म्हणाली. आणि हात झटकत, "पण तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत, तर एवढाही झाला नसता."

"हो."

"पाणी येतंय कुठून, ते तरी बघितलंत का?"

"नाही. शोधायला लागलो असतो, तर तू विचारलं असतंस काय शोधताय."

या उत्तरावर तिने त्याच्याकडे असे पाहिले, जसा तो दुकानात भिंग उलटे बसवून आणलेल्या चष्म्याकडे पाही. मग ती पुढे गेली. बॉनेट उघडेच होते. पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेली काळी जाळी तिने उचलली. खालच्या पन्हळीत झाडाची पाने साचून त्यांचा काळा लगदा झाला होता. पाणी बाहेर जायचे भोक त्याने पार बुजले होते, आणि पाणी दुसरी वाट शोधून आत उतरत होते. तिने बोटांनी लगदा उपसला. त्याने तांब्याने पाणी ओतले. काही क्षण ते वर तुंबून राहिले, त्यात आभाळाचा एक तुकडा थरथरला, आणि मग एकदम गुळगुळ आवाज करत सगळे पाणी चाकामागून खाली फरशीवर आले.

"गेलं," तो म्हणाला.

"दिसलं मला. डोळे शाबूत आहेत माझे."

दुपारभर दोघांनी फारसे न बोलता काम केले. कुजलेला नमदा फेकून दिला. कार्पेट घासून भिंतीवर वाळत घातले. भाऊंनी न विचारता आपला पंखा लांब तारेसकट भिंतीवरून खाली सोडला आणि गाडीच्या दारात लावायला सांगितला. तिने पत्र्यावरचा गंज पॉलिशकागदाने घासून काढला. त्याने पत्रा आधी कोरड्या, मग व्हिनेगरच्या फडक्याने पुसला. पंख्याच्या वाऱ्याने गाडीच्या आतले कागदाचे कपटे, धाग्यांचे गुंते उठत आणि उन्हाच्या पट्ट्यात सावकाश तरंगत. 'सागरी पहाट' कचऱ्याच्या डब्यात गेली. तीन वेळा त्याला वाटले, की आता ती काही बोलणार आहे, आणि तिन्ही वेळा तिने फक्त फडके मागितले.

ऊन भिंतीवर चढले तेव्हा ती म्हणाली, "बरण्या आणा."

दोघे मागच्या सीटवर बसले. चारही दारे उघडी होती. पुढे ड्रायव्हरच्या जागी नुसता उघडा पत्रा होता आणि त्यातून चार बोल्टची भोके वर पाहत होती. तिने डोळे मिटले. त्याने एक बरणी उघडली.

"लिंबू?"

त्याच्या जिभेवर जुना शब्द तयार होता. "नाही," तो म्हणाला.

तिच्या पापण्या थरथरल्या, पण उघडल्या नाहीत. "पुढची."

त्याने दुसरी बरणी उघडून तिच्या नाकाखाली धरली.

"बोला काहीतरी. धरली का?"

"धरलीय."

"मग गुलाब."

"नाही."

"ही?"

"तू सांग."

तिने दीर्घ श्वास ओढला. "काही नाही," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा खरं सांगायचं तर, काहीच नाही. इतके दिवस तुमचं 'बरोबर' ऐकलं की मला वास आल्यासारखा वाटायचा. नंतर. आठवणीतून काढून लावल्यासारखा." तिने मान सीटला टेकली. "उद्या त्या सगळ्यांसमोर मी अशीच बसले असते."

तो बरणीच्या झाकणाचे आटे लावत राहिला. ते पूर्ण बसले होते तरीही.

बाहेर वारा पडला होता. पंखा बंद केल्यामुळे एवढ्या वेळानंतर शांतता कानांत भरत होती. भिंतीवरचा उजेड आता मधाच्या रंगाचा झाला होता आणि स्वच्छ काचांतून तो आत येताना दिसतच नव्हता. आत आल्यावर, तिच्या गुडघ्यांवर पडल्यावरच दिसत होता. ती डोळे मिटून होती. झोप लागली असावी, असे त्याला वाटले.

"ही कोणती?" तिने विचारले.

"मी काही धरलेलं नाही."

"नाही? थांबा." तिने तोंड किंचित पुढे केले. "अगदी मागे आहे. थंड. पातळ. गोड नाही, आंबट... नाही, आंबटही नाही. जिभेला टेकल्यासारखं."

"कुठून येतंय?"

"खालून. पायांकडून."

तो वाकला. सीटच्या रिकाम्या जागेत पुढे सरकून त्याने नाक जवळजवळ पत्र्याला लावले आणि श्वास घेतला. आधी व्हिनेगर होते, उडत आलेले. त्याने ते जाऊ दिले. पुन्हा श्वास घेतला. मग तो आला: घासून उघडा पडलेल्या लोखंडाचा वास, थंड, जिभेला टेकणारा.

"पत्रा," तो तसाच वाकलेला असताना म्हणाला. "घासलेला पत्रा."

"मला बरं वाटावं म्हणून?"

"नाही."

"खरं?"

"वाकल्यावर आला मला. बसून येत नव्हता."

तिने हात लांब करून त्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरली आणि त्याला वर ओढले, कारण गुडघ्यांमुळे त्याला तिथून एकट्याने उठता येत नव्हते. तो बसल्यावरही मूठ सुटायला थोडा वेळ लागला.

"उद्या जाईन," ती म्हणाली. "पट्ट्या नको म्हणेन. ती शिकवायची जागा अजून रिकामी असेल तर विचारीन."

"भरली असेल तर?"

"तर परत येईन. हीच गाडी घेऊन." तिने पुढे पाहिले. "कार्पेट उद्यापर्यंत वाळणार नाही. खालून रस्त्यावरच्या खड्यांचा आवाज येईल."

"येऊ दे."

"सीट तेवढी आज बसवा. भाऊ उद्या विचारतील सिग्नल सुटला का."

तिने बरण्या त्याच्या मांडीवरून उचलल्या, डोळे मिटून त्यांच्या जागा अदलून-बदलून टाकल्या आणि पुन्हा त्याच्या हातात दिल्या. त्याने त्यातली एक उघडली.

"लवंग?"

"नाही," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "पुढची."